छोटे कर्ज : आधार की गळफास?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला 'बचत गट आणि महिलांचा विकास' असा विषय दिला. विषय चांगलाच आहे. पण या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलते, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हप्तेवाला दारात उभा राहतो. म्हणून मी आज सरळ हप्त्यावरच बोलणार आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटली, पुढचे शिक्षण साच्यावर आणि युनियनच्या वाचनालयात झाले. हिशेब मी बोटांवर करतो. तुम्हीही माझ्याबरोबर बोटे मोजा, चुकले तर तिथेच अडवा.

आज या विषयावर बोलायचे कारण असे की, समितीपुढे एक अर्ज आलेला आहे. काहींना माहीत आहे, काहींना नाही. छोटी कर्जे देणारी एक कंपनी दर मंगळवारी सकाळी आपल्या विहाराचा हॉल मागते आहे. तिथे आपल्या भगिनींना जमवायचे, हप्ते गोळा करायचे, नवी कर्जे मंजूर करायची. भाडे चांगले देतात, स्मरणिकेला जाहिरात द्यायलाही तयार आहेत. समितीत दोन मते आहेत. हॉल रिकामाच असतो, विहाराच्या छपराला पैसा लागणार आहे, आणि बायका नाहीतरी कर्ज घेतातच, मग रस्त्यावर बसण्यापेक्षा इथे बसतील, असे एक मत आहे. ते मांडणारे माझे मित्र आहेत आणि त्यांचा हेतू स्वच्छ आहे. माझे मत वेगळे आहे. ते का, एवढेच सांगायला मी उभा आहे.

आधी एक गोष्ट कबूल करू. गरिबाला कर्ज लागते. 'कर्ज काढू नका, काटकसर करा' असा उपदेश ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो तो करतो. आपल्या माणसाचे उत्पन्न कमी असते ते असतेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते वेळेवर येत नाही. खर्च मात्र रोज सकाळी सहाला उठतो. या मधल्या फटीत सावकार राहतो.

गिरणगावातली खानावळ आठवा. म्हाताऱ्या माणसांना नीट आठवेल. कोकणातून, घाटावरून आलेले गडी एका खोलीत दहा-पंधरा राहायचे, कुटुंब गावाला. दोन वेळचे जेवण खानावळवालीकडे, आणि पैसे पगार झाल्यावर. म्हणजे बाईने महिनाभर आधी तांदूळ, पीठ, तेल, रॉकेल घालायचे आणि पैशाची वाट महिनाभर बघायची. मधले तीस दिवस ती वाण्याच्या वहीवर. माल उधारीचा, म्हणून भाव वाण्याचा आणि वजनही वाण्याचेच. तरी कमी पडले की व्याजाने रोकड. तिच्या हाताला चव होती, गिऱ्हाईक बांधलेले होते, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत राबायची तयारी होती. एका महिन्याचे भांडवल तेवढे नव्हते. (आपल्या समाजातल्या बायांना हाही धंदा मोकळा नव्हता. जिथे धाग्याला तोंड लावावे लागते म्हणून आपल्या माणसाला विणखात्यात घेत नव्हते, तिथे आपल्या घरचे जेवण कोण जेवणार होते? पण तो आजचा विषय नाही.)

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा १४ खानावळवाल्यांना एकत्र केले. प्रेमाताई गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या आणि पुढे कामगार चळवळीतल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पण बँक सरकारी झाली म्हणून खानावळवाली आत जाऊ शकत होती असे नाही. तारण काय? जामीन कोण? सही येते का? प्रेमाताईंनी बायांचीच हमी बायांना दिली आणि बँकेकडून प्रत्येकीला १,५०० रुपये मिळवून दिले. तीच अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात. त्या दीड हजाराने बाईला नवा धंदा शिकवला नाही, ती आधीपासून करत होती तोच धंदा वाण्याच्या वहीतून सोडवला. रोख पैसा हातात आल्यावर ती दुसऱ्या दुकानात जाऊ शकली. उधारीचा चढा भाव वाचला आणि तो वाचलेला पैसा हप्त्याला गेला. हप्ता नवऱ्याच्या पगारातून, पोराच्या फीमधून काढावा लागला नाही. आज मला जे काही सांगायचे आहे, त्यातले निम्मे या एका व्यवहारात आहे.

दुसरी गोष्ट अहमदाबादची, तीही गिरणीच्या सावलीतली. तिथल्या मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेत इलाबेन भट्ट महिला विभागाचे काम बघत. त्यांच्या लक्षात आले की डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या बाया कोणत्याच युनियनमध्ये नाहीत. म्हणून १९७२ साली 'सेवा' ही संघटना निघाली, आणि १९७४ साली ४,००० बायांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घालून स्वतःची सहकारी बँक काढली. बायांना सही येत नाही, यांची बँक कशी नोंदवायची, असा सरकारी खात्याचा प्रश्न. तेव्हा रात्रभर जागून त्या बायांनी आपापले नाव लिहायला शिकून घेतले आणि सकाळी सह्या केल्या. आपल्या पोरींना हे जरूर सांगा. आणि आणखी एक गोष्ट सांगा. १९८१ साली अहमदाबादेत राखीव जागांच्या विरोधात दंगल पेटली, आपल्या बांधवांची घरे जळाली, तेव्हा इलाबेन उघडपणे दलितांच्या बाजूने बोलल्या. त्याच साली मजूर महाजनने 'सेवा'ला बाहेर काढले. बँक मात्र बुडाली नाही, कारण पैसा बायांचा होता. ज्याच्या पैशावर संस्था उभी असते, त्याच्या तोंडाकडे बघून ती बोलते.

आता बांगलादेशची गोष्ट, कारण ती सगळीकडे सांगतात. १९७६ साली चितगाव विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहंमद युनूस जोब्रा नावाच्या शेजारच्या गावात हिंडत होते. तिथे बांबूच्या वस्तू विणणाऱ्यांना व्यापारीच पैसे द्यायचा आणि तयार माल स्वतःच ठरवलेल्या भावाने उचलायचा. युनूस यांनी अशा लोकांची यादी केली. ४२ माणसांचे सगळे मिळून कर्ज २७ डॉलर भरले. ते त्यांनी खिशातून दिले. १९८३ साली ग्रामीण बँक झाली, २००६ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. इथेही बघा, विणकामाचे कसब आधीच हातात होते, नडत होते ते कच्च्या मालाचे पैसे.

आपल्या देशात नाबार्डने १९९२ साली ५०० बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. दहा ते वीस जणींनी आधी स्वतः बचत करायची, ती आपसात फिरवायची, वही नीट ठेवायची, मग बँकेने गटाला कर्ज द्यायचे. या गटांची पंचसूत्री आहे : नियमित बैठक, नियमित बचत, आपसात नियमित कर्जवाटप, वेळेवर फेड आणि वहीत चोख नोंद. आपल्याला पंचशील पाठ आहे, ही पाच सूत्रे पाठ व्हायला काय हरकत आहे? यात पहिले पाऊल बचतीचे आहे, कर्जाचा नंबर मागून येतो.

आणि इथेच पुढे गाडी रूळ बदलते. गरीब माणूस कर्ज बुडवत नाही, हे जगाला समजले. त्याबरोबर हेही समजले की यात पैसा आहे. बचत-बिचत मागे पडली, नुसते कर्ज उरले. कंपन्या निघाल्या, त्यांच्यात मोठ्या गुंतवणूकदारांनी पैसा ओतला. ऑगस्ट २०१० मध्ये अशा एका कंपनीचे शेअर बाजारात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारला अध्यादेश काढावा लागला. एकेका बाईला चार-चार कंपन्यांनी कर्ज दिले होते, एकीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज, वसुलीला माणसे घरात बसू लागली, आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्यानंतर मालेगाम समिती बसली, रिझर्व्ह बँकेने नियम केले. पंधरा वर्षे गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला पुन्हा तसाच अध्यादेश काढावा लागला. म्हणजे रोग गेलेला नाही.

मी कंपनीला पठाण म्हणणार नाही. आमच्या आजोबांच्या वेळी पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटावर पठाण काठी घेऊन उभा असायचा. महिन्याला रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५ व्याज, आणि पावती म्हणजे ती काठी. कंपनीकडे परवाना आहे, ती पुस्तक देते, व्याज त्या मानाने पुष्कळ कमी आहे. खोटे कशाला बोला? पण कर्ज कशासाठी चालले आहे, त्यातून हप्त्यापुरते तरी उत्पन्न येणार आहे का, हे बघायला तिच्या माणसाला वेळ नाही. त्याला महिन्याला अमुक कर्जे वाटायचे टार्गेट आहे. बाया त्याला 'सर' म्हणतात. तोही बिचारा कुणाच्या तरी घरचा पोरगाच, कमिशनवर जगणारा.

आपल्याच वस्तीतल्या एका भगिनीचा हिशेब सांगतो, तिच्या परवानगीने आणि नाव न घेता. पहिले कर्ज शिलाई मशीनला घेतले. मशीन चालते, त्यात काही चूक नाही. दुसरे कर्ज सासऱ्याच्या दवाखान्याला. तिसरे, पहिल्या दोन्हींचे हप्ते भरायला. आज तिन्ही मिळून आठवड्याला २,१०० रुपये जातात आणि मशीन आठवड्याला १,८०० मिळवून देते. आता ती रात्री एकपर्यंत शिवत बसली तरी ३०० रुपयांचा खड्डा दर आठवड्याला आहेच, आणि घर अजून खायचेच आहे. कामसू बाई आहे. मशीनपुरतेच कर्ज असते तर आज ती दुसरे मशीन घेऊन एखाद्या पोरीला कामाला ठेवती. तिचा हप्ता एकदा राहिला तर ग्रुपमधल्या बाकीच्यांना दीड तास उठू दिले नाही. त्यात तिची सख्खी नणंद होती. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. कंपनीच्या कागदावर यालाच 'सामूहिक जबाबदारी' म्हणतात. अन्नपूर्णेच्या बायांनीही एकमेकींची हमी दिली होती, पण तिथे पैसे कोणाला किती द्यायचे हे त्यांना विचारून ठरत होते. इथे देताना कंपनी ठरवते आणि वसूल करताना आपण एकमेकींच्या मानगुटीवर.

आता अभ्यास करणाऱ्यांचे काय म्हणणे आहे तेही ऐका. अभिजित बॅनर्जी, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, जन्म आपल्या मुंबईचा आणि आई मराठी, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत कर्जकंपनीची शाखा आधी उघडली, निम्म्यांत नाही, आणि मग दोन्हींची तुलना केली. २०१५ साली त्याचा निकाल छापून आला. कर्जाने लोक बुडाले नाहीत आणि वरही आले नाहीत. घरात टिकाऊ वस्तू आल्या, चैनीचा फुटकळ खर्च थोडा कमी झाला, पण घराचा एकूण खर्च, म्हणजे राहणीमान, सरासरीने वाढले नाही. फायदा ज्यांना झाला, ते बहुतेक आधीपासून धंदा करणारे होते. म्हणजे आमच्या खानावळवालीचीच गोष्ट झाली. ते हैदराबादेत काही वर्षे मोजून जे बोलले, ते गिरणगावात बायांना १९७५ सालीच कळले होते. पण आपल्या बोलण्याला आकडेवारी नसते, म्हणून कोणी ऐकत नाही.

सगळ्यांनी कर्ज काढून धंदा करावा, हा जो आजकाल सरकारपासून सगळ्यांचा सल्ला आहे, तो मला पटत नाही. आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. किती जणांनी मला सांगितले, गाडी लावा, वडापाव विका. अहो, बंद पडलेल्या गिरणीतल्या सगळ्यांनी वडापाव विकायला घेतला तर तो खायचा कोणी? नोकरी गेली त्याला उत्तर नोकरी आहे, आणि हक्काच्या देण्याची लढाई आहे. दवाखान्याला उत्तर चांगला सरकारी दवाखाना आहे. या गोष्टींसाठी भांडायचे सोडून हप्ते बांधून घेतले, तर सरकारही खूश आणि कंपनीही खूश.

जो अगदीच तळाला आहे, ज्याच्याकडे ना कसब, ना गिऱ्हाईक, ना आजची चूल पेटायची खात्री, त्याला तर आधी कर्ज देऊच नये. हे बांगलादेशच्याच 'ब्रॅक' संस्थेने ओळखले. २००२ सालापासून त्यांनी अशा घरांना शेळ्या, गाय असे साधन फुकट दिले, काही महिने थोडी मदत दिली, शिकवणारा माणूस दिला, बचतीची सवय लावली, आणि मग कर्जाचे बघू म्हणाले. नंतर सहा देशांत हा प्रयोग तपासला, त्याचा फायदा टिकला. आपल्या वस्तीत अशी चार-पाच घरे आहेत. त्यांना ग्रुपमध्ये ओढू नका. त्यांचे काम महिला मंडळाच्या मदतनिधीचे आहे.

आता व्याजाचा हिशेब. लक्ष द्या, कारण फसगत इथे होते. कोणी म्हणाले, वर्षाला फक्त १२ टक्के. १०,००० घेतले, १,२०० व्याज, ११,२०० बारा महिन्यांत फेडायचे, महिना साधारण ९३३. ऐकायला बरे वाटते. पण सहा महिन्यांनी तुमच्याकडे १०,००० राहिलेत का? निम्मे तर फेडून झालेत. तरी व्याज अजून पूर्ण दहा हजारावरच चालू आहे. नीट मोजले तर हे व्याज बाराचे नव्हे, साडेएकवीसच्या आसपास पडते. म्हणून पहिला प्रश्न विचारा : व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर? वरून विमा किती कापला, फी किती कापली, हातात प्रत्यक्ष किती आले? रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत की ही सगळी माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत एका कागदावर मिळाली पाहिजे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज, त्याला तारण मागता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा नाही. शिवीगाळ, धमकी नाही. हे आपल्या किती भगिनींना माहीत आहे? हात वर करू नका, मला उत्तर ठाऊक आहे.

आता आपण काय करू शकतो ते सांगतो. आपल्याकडे भाजी विकणाऱ्या काही भगिनी आहेत. त्यांच्यातल्या कोणाकोणाला पहाटे ९०० रुपये मिळतात आणि संध्याकाळी १,००० परत करायचे असतात. शंभर रुपये काय, रोजचेच आहेत, असे त्या म्हणतात. महिन्याला २५ दिवस धंदा धरला तर अडीच हजार झाले. नऊशे रुपयांच्या भांडवलाचे महिन्याचे भाडे अडीच हजार! इतके भाडे तर खोलीला नव्हते आपल्या. आता तिने रोज फक्त ३० रुपये बाजूला ठेवले तर तीस दिवसांत ९०० तिचे स्वतःचे होतात, आणि पुढच्या महिन्यापासून अडीच हजार घरात. पण ते ३० रुपये घरात डब्यात राहत नाहीत. पाहुणा येतो, पोरगा मागतो, नवऱ्याला तर डब्याचा वासच येतो. म्हणून गट पाहिजे, जिथे ठेवलेला पैसा सहज काढता येत नाही. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली. तीत पहिले कर्ज १०,००० होते, २०२५ साली ते १५,००० केले, वेळेवर फेडले तर पुढचे मोठे मिळते आणि व्याजात ७ टक्के सवलत आहे. महापालिकेचा दाखला नसला तर शिफारसपत्र लागते. हे कागद करून द्यायला आपली शिकलेली पोरे काय कमी आहेत?

बारा जणींचा गट धरा. प्रत्येकी महिना २०० रुपये. महिन्याला २,४००, वर्षाला २८,८००. भिशीत आणि यात फरक असा की भिशीचा पैसा वर्षाअखेर उडून जातो, इथे तो राहतो आणि वाढतो. आपसात कर्ज महिना २ टक्के व्याजाने. इथे मागे एका ताईने मला अडवले होते, 'दादा, दोन टक्के महिना म्हणजे वर्षाला चोवीस झाले, मग कंपनीत आणि आपल्यात फरक काय?' प्रश्न एकदम बरोबर आहे. फरक असा : दुसऱ्या वर्षी गटाचे सरासरी ३०,००० फिरत राहिले तर महिन्याला ६०० व्याज जमते, वर्षाला ७,२००. ते कुठे जाते? बारा जणींच्या वहीत, प्रत्येकीचे ६००. व्याज भरणारी आणि व्याज खाणारी एकच. आणि कोणाचा सासरा दवाखान्यात असला तर तिचा हप्ता दोन महिने थांबवायचा की नाही, हे त्या बाराजणी मांडीला मांडी लावून ठरवतात.

ज्या कामासाठी कर्ज द्यायचे, त्या कामातूनच हप्ता निघतो का, एवढे गटाने कर्ज देताना विचारावे. फॉल-बिडिंग करणारीला मशीन, इस्त्रीवाल्याला कोळसा किंवा विजेचे मीटर, पोळी-भाजीचे डबे देणारीला महिन्याचे धान्य. लग्नाला, बारशाला, मोबाईलला गटाचे कर्ज नको. त्याला वेगळी बचत करा. नवऱ्याच्या मोटारसायकलचे कर्ज बायकोच्या नावावर, हा प्रकार तर बंदच. (हसू नका, पुढच्या रांगेतल्या काहींना मी ओळखतो.) दवाखान्यासाठी मात्र गटात वेगळा राखीव पैसा ठेवावा, बिनव्याजी, कारण दुखणे कोणी धंदा म्हणून काढत नाही.

आपण विहारात बोलतो आहोत म्हणून एवढेच सांगतो. अंगुत्तर निकायात इणसुत्त आहे. इण म्हणजे ऋण. गरिबी दुःख, त्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, आणि शेवटी बंधन, अशी दुःखाची साखळी भगवान बुद्धांनी त्यात एकेक कडी धरून सांगितली आहे. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले, एक खाण्याला, दोन कामधंद्याला, एक अडीअडचणीला राखून. आणि बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात असताना सावकारीला आळा घालणारे विधेयक तयार केले होते. तेव्हा व्याजाचा हिशेब हा विहाराबाहेरचा विषय आहे, असे कोणी म्हणू नये.

तर माझी सूचना अशी. मंगळवारचा हॉल कंपनीला देऊ नये. ज्या भगिनींनी तिच्याकडून कर्ज घेतले आहे त्यांनी ते नियमाप्रमाणे फेडावे, बुडवा असे मी सांगत नाही, कारण त्यात शेवटी नाव आपल्याच माणसाचे खराब होते आणि उद्या बँकही दारात उभी करत नाही. पण वसुलीची जागा आपला विहार नको. आपला माणूस इथे मान वर करून येतो, हप्ता राहिला म्हणून मान खाली घालून इथे कोणी बसू नये. भाड्याच्या पैशाचे म्हणाल तर छपरासाठी आपण घरटी वर्गणी काढू, मी माझी पहिली देतो. हॉल दर रविवारी वंदनेनंतर एक तास बचत गटांना द्यावा. पहिले दोन गट महिला मंडळाने करावेत. वह्या लिहायला बारावीच्या पुढे शिकणाऱ्या पाच मुली तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललो आहे. सहा महिने नीट चालले की बँकेत जाऊ, मी बरोबर येईन. ज्यांचे दोन-तीन ठिकाणी हप्ते चालू आहेत, त्यांची यादी करून कोणते आधी संपवायचे ते एकेकीबरोबर बसून ठरवू. त्या शिलाईवाल्या भगिनीपासून सुरुवात करू, तिचा आठवड्याचा ३०० चा खड्डा आधी बुजवला पाहिजे.

समितीचा निर्णय येत्या रविवारी आहे. माझ्या मित्रांनी दुसऱ्या बाजूने बोलावे, मी ऐकेन. भगिनींना विनंती, रविवारी वंदनेला येताना आपापली कर्जाची पुस्तके, पासबुके, पावत्या, जे काही घरात सापडेल ते पिशवीत घालून आणा. चष्मा असेल तर तोही आणा, अक्षरे फार बारीक असतात.

जयभीम.